निरंक

सरकारी कचेरीत कधी काम न केलेल्या वाचकाला हा शब्द आधी सांगायला हवा. वरून माहिती मागवली जाते, छापील तक्ता येतो, आणि रकान्यात लिहिण्यासारखं काही नसलं तरी रकाना कोरा सोडायचा नसतो. तिथं ‘निरंक’ लिहायचं. कोरा रकाना हा कारकुनाचा आळस, निरंक ही रीतसर दिलेली माहिती. कोकणातल्या एका जिल्ह्याच्या कचेरीत आस्थापना शाखेच्या, म्हणजे नेमणुका, बदल्या, बढत्या पाहणाऱ्या शाखेच्या, टेबलावर मी बरीच वर्षं काढली. दर जानेवारीत, आंब्याला मोहोर धरायच्या सुमारास, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींचा मागच्या वर्षाचा तक्ता भरायला यायचा. आलेल्या तक्रारी निरंक. निकाली काढलेल्या निरंक. नव्वद दिवसांवर प्रलंबित निरंक. घेतलेल्या कार्यशाळा : एक. ती आठ मार्चला हळदीकुंकवासारखी उरकलेली असायची, शेवटी प्रत्येकीला एक गुलाब आणि बटाटेवडा.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट आपली कचेरी किती चांगली, असंच वाटायचं. साहेबही खूश असत. एकदा शेजारच्या शाखेतल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “भाऊ, तक्रार द्यायची झाली तर ती द्यायची कोणाकडे?” मी समितीच्या अध्यक्षबाईंचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यांचा गोपनीय अहवाल कोण लिहितो?” मी गप्प बसलो. बढती ज्यावर ठरते तो शेरा, ज्याच्याबद्दल बोलायचं होतं तोच लिहीत होता. बाईंनी डबा बंद केला, आणि त्या जानेवारीतही मी निरंकच लिहिलं.

समान संधीचे कायदे आपल्याकडे कमी आहेत, असं मला वाटत नाही. ते अंमलात आणायला कचेरीत कोणी माणूस नेमलेला नसतो. म्हणजे नाव नेमलेलं असतं, माणूस नसतो. हे दुखणं नवं नाही, आणि त्याचा एक जुना दाखला आमच्याच मुलखातला आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा होत्या हे सगळ्यांना आठवतं. सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने आणि कचेऱ्याही होत्या हे फारसं कुणी सांगत नाही. सरकारी पैशातून चालणाऱ्या सगळ्या जागा अस्पृश्यांना खुल्या, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा आपला ठराव केला. कागद चोख होता. सुरबा टिपणीसांसारखी माणसं नगरपालिकेत होती, त्यांचा हेतूही खरा होता. पण ठरावाची अंमलबजावणी कोणाकडे? तळ्याच्या काठावर उभं राहून ‘या, पाणी प्या, मी आहे इथं’ असं म्हणण्याची नोकरी कोणाची? कोणाचीच नाही. तीन वर्षं तळं ठरावापुरतं खुलं राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन काठावर उतरले तेव्हा पाणी ओंजळीत आलं, आणि त्याच दिवशी डोकीही फुटली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. तळ्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

आणि नोकरीचंच म्हणाल तर तो अर्जही इथलाच. महाडजवळच्या रावदुळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा १८९४ साली त्यांनी सरकारला द्यायच्या विनंतीअर्जाचा मसुदा केला : आमच्या वाडवडिलांनी इमानानं चाकरी केली, मग आता जातीवरून दार बंद का? सरकारी नोकरीतल्या समान संधीचा इतका जुना मराठी कागद दुसरा असेल तर मला पाहायला आवडेल.

त्या अर्जाचं उत्तर पुढं संविधानाच्या, सरकारी नोकरीत समान संधी देणाऱ्या, सोळाव्या अनुच्छेदानं दिलं, आणि त्यानंतर कायद्यांची रीघ लागली. आता आजची कचेरी पाहू. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो : दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, शिवाय बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या विशाखा निकालावरून कचेऱ्यांत तिला अजून विशाखा समितीच म्हणतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो : प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं, सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्यानं तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा आणखी एक तक्रार अधिकारी मागतो. आरक्षणाची बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याची नोंदवही, निराळी. ती आस्थापनेचा लिपिक लिहितो आणि तपासायला कोकण भवनात विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडे, म्हणजे बोलीभाषेत ‘मावक’कडे, घेऊन जातो. चार कायदे, चार टेबलं. पण चारही टेबलांवर तेच दोघे-तिघे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून. ज्या अव्वल कारकुनाकडे पगारबिलं, रजा, पेन्शन प्रकरणं आणि निवडणुकीचं काम असतं, त्याच्याच नावापुढं दिव्यांगांच्या तक्रारींचं कामही लिहिलेलं असतं. त्याला ते ठाऊक असेलच असं नाही. मी स्वतः दीड वर्ष असा अधिकारी होतो. भिंतीवरचा फलक रंगवायला आलेल्या पेंटरनं माझं नाव नीट लिहायचं म्हणून विचारलं, तेव्हा मला कळलं.

बिंदुनामावलीला मी नावं ठेवणार नाही. ती आहे म्हणून दारातून माणसं आत आली. राज्यात महिलांना सरकारी नोकरीत तीस टक्के आरक्षण १९९४ च्या महिला धोरणापासून आलं, दिव्यांगांचं तीन टक्के होतं ते २०१६ च्या कायद्यानं चार झालं. पण नामावली मोजते ती दारातून आत येणारी माणसं. आत आल्यावर कोण कुठं बसला, हे मोजायचा रकाना तिच्यात नाही. पदोन्नतीतल्या आरक्षणाचं तर कोर्टात भिजत घोंगडं आहे : २००४ चा शासन निर्णय उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये रद्द केला, मे २०२१ च्या शासन निर्णयानं पदोन्नती सेवाज्येष्ठतेवर नेली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात.

आत आलेल्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. त्यात दुष्टपणा फार कमी असतो. दया फार असते.

पायानं अधू असलेला एक तरुण आमच्याकडे लिपिक म्हणून लागला. इमारत इंग्रजी अमदानीतली, जांभ्या दगडाची, वर जायला लाकडी जिना. पावसाळ्यात त्या जिन्यावरून धडधाकट माणूसही कठड्याला धरून उतरतो. महत्त्वाच्या शाखा वर. सगळ्यांना त्याची कणव आली. साहेब म्हणाले, त्याला खाली आवक-जावकला बसवा, उगाच त्रास नको. मीच आदेश टंकला, आणि चांगलं काम केल्यासारखं वाटलं. तो खाली बसला तो बसलाच. टपाल घे, क्रमांक टाक, शाखेत पाठव. जमीन, लेखा, आस्थापना, यांतलं एकही काम त्याच्या हाताखालून गेलं नाही. वरच्या पदाची वेळ आली तेव्हा टिपणीत आलं : इतर शाखांच्या कामाचा अनुभव नाही. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येणार नाही, असं दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं. ती टिपणी लिहिणाऱ्यानं अपंगत्वाचा शब्दही काढला नव्हता. जमीन शाखेची दोन कपाटं आणि एक टेबल खाली आणलं असतं तर काम भागलं असतं. खर्च हमालीपुरता. पण हे सुचवायची जबाबदारी कोणाची नव्हती.

बायकांचंही असंच. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ११०० हून अधिक बायका होत्या. पुरुष मुंबईला, घर, शेत आणि म्हातारी माणसं बायकांच्या अंगावर. मागच्या तीन पिढ्या हा जिल्हा मनीऑर्डरवर आणि बायकांच्या कष्टावर चालला. तरी महिला तलाठी रुजू झाली की पहिलं वाक्य ऐकू येतं : खाडीतली वाळूची धाड रात्रीची असते, बाईमाणूस कुठं पाठवायचं? मग तिला कचेरीत दाखले लिहायला बसवतात. रात्रीच्या धाडीचा धोका खोटा नाही. वाळूवाले अंगावर डंपर घालतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो धोका पुरुष तलाठ्यालाही असतो. त्यावर उपाय म्हणजे सोबत पोलीस, चालतं वाहन आणि परतायची सोय. एका बाजूला बाईंना घरी ठेवायचं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या अहवालात ‘क्षेत्रीय कामाचा अनुभव अल्प’ असं लिहायचं, हे चालायचं नाही. आणि किनाऱ्यावरच्या सजांत, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांत, फिरतीवर गेलेल्या बाईला दिवसभर स्वच्छतागृह मिळत नाही, हे कुठल्या तक्त्यात येतं? मला तरी तो रकाना दिसला नाही.

आता थोडं अवघड बोलतो. कोकणात समान संधी म्हटलं की पहिली घोषणा होते ती ‘स्थानिकांना प्राधान्य’. शिक्षकभरती झाली, मराठवाड्यातली आणि विदर्भातली मुलं गुणांवर लागली, दोन-चार वर्षांत आंतरजिल्हा बदली घेऊन गेली आणि शाळा पुन्हा ओस. डीएड झालेली इथली पोरं घरात बसून. ही तक्रार खरी आहे; मी तिला हसणार नाही. वाडीवस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत गुरुजी बदलून गेला की पोरांचं वर्ष जातं. पण संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाचं दुसरं कलम जातधर्माच्या जोडीनं जन्मस्थान आणि निवासावरूनही भेदभाव करू नका म्हणतं, आणि निवासाची अट घालायची असेल तर तो अधिकार तिसऱ्या कलमानं फक्त संसदेला दिला आहे. मोर्चात ‘जिल्ह्याबाहेरचे नकोत’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना हे माहीत असतं. तरी ते म्हणतात, कारण मोर्चा त्यावर जमतो.

त्याच मोर्चातून परतलेली आपली माणसं बाहेरून आलेल्या गुरुजीला ‘घाटी’ म्हणतात, तेही तोंडावर. त्याला गावात खोली हवी असते. नाव सांगितलं की आडनाव विचारतात. आडनाव कळलं की खोलीला अचानक पुतण्या मुंबईहून येणार असतो. मी असे दोन कर्मचारी पाहिले, जे महिनोन्महिने तालुक्याहून रोज एसटीनं ये-जा करत. वस्तीची गाडी चुकली तर शाळेच्याच ओट्यावर झोपत. त्यांनी बदली मागितली तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ असं लिहिलं होतं. मग आम्हीच म्हणतो, ही घाटावरची माणसं टिकत नाहीत. ती टिकत नाहीत याचं एक कारण आपल्या माजघरात आहे, आणि चवदार तळ्यापासून ते फार लांब नाही. अशा माणसांसाठी सरकारी निवासस्थान किंवा भाड्याच्या चार खोल्या जिल्हा परिषदेनं हाताशी ठेवणं हा समान संधीचाच भाग आहे. आणि स्थानिक पोरांसाठी काय करायचं? मंडणगडच्या मुलाला अभ्यासिका आणि परीक्षाकेंद्र जवळ मिळेल, भरतीची जाहिरात वाडीपर्यंत पोहोचेल, कातकरी मुलगा वीटभट्टीवर जाण्याआधी दहावी होईल, हे पाहायचं. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. राखीव जागा आहे, पण ती भरायला त्याच्याकडे दहावीचं प्रमाणपत्र नाही, तोवर त्या जागेचा त्याला उपयोग काय?

हे सगळं एका ठिकाणी बघणारा माणूस कसा असावा, यासाठी मी थोडं बाहेर पाहिलं. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानं समान रोजगार संधीचा १९६४ चा कायदा केंद्र सरकारच्या खात्यांनाही लागू झाला. तिथं प्रत्येक खात्यात या कामाचा संचालक असतो आणि नियमानुसार तो थेट खातेप्रमुखाच्या हाताखाली असतो, आस्थापना शाखेच्या नाही. कारण उघड आहे : बढती, बदली, शिक्षा देणारी शाखा आणि त्याविरुद्धची तक्रार ऐकणारी शाखा एकच असेल तर तक्रार करणार कोण? कर्मचाऱ्यानं घटनेपासून पंचेचाळीस दिवसांत आधी समुपदेशकाकडे जायचं. आणि दरवर्षी खात्यानं स्वतःचा हिशेब मांडायचा, अशी तिथं रीत पडली : कोणत्या पायरीपर्यंत कोण पोहोचतं, कोण कुठं गळतं, का गळतं. हा ‘कुठं गळतं’ माझ्या मनात बसला. आपल्या नामावलीत नेमकं तेच नाही.

तिथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी एका हुकमानं सरकारी खात्यांतली विविधतेची कार्यालयं बंद केली. पण तक्रारीची मूळ व्यवस्था कायद्यात होती. ती तेवढ्यानं पुसली गेली नाही. परिपत्रकावर उभं केलेलं टेबल परिपत्रकानं उचलता येतं, हा त्यातला आपल्या उपयोगाचा भाग. आपल्याकडे शासन निर्णयांचं आयुष्य किती असतं ते कोणत्याही आस्थापना लिपिकाला विचारा.

म्हणून मला वाटतं, जिल्ह्याला एक समान संधी कक्ष हवा, आणि तो मंत्रालयाच्या नव्या योजनेतून नको, असलेल्या चार कायद्यांच्या पोटातून उभा राहायला हवा. महाविद्यालयांत ‘समान संधी केंद्र’ या नावाच्या पाट्या आल्या. जिल्हा कचेरीत मात्र त्या नावाची खोली नाही, ही गंमत आहे. विशाखा समिती कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयात राहील, ती उचलून आणता येणार नाही. पण तिला शिकवणं, तिचं टिपण तपासणं, बाहेरची सदस्य खरंच बैठकीला येते का पाहणं, तिचा प्रवासभत्ता वेळेवर काढणं, हे कक्षानं करावं. शिकवणं किती निकडीचं आहे ते शेजारच्या गोव्यातल्या प्रकरणानं दाखवलं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीनं चौकशी घाईनं उरकली, आरोप असलेल्याला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये शिक्षा रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. त्याच निकालात देशभरच्या समित्यांची स्थिती खेदजनक असल्याचं सांगून सगळ्या सरकारांना कामाला लावलं. अर्धवट शिकलेली समिती तक्रारदाराचंही नुकसान करते आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याचंही.

कक्षात बसणाऱ्याकडे दुसरं काम नको. पूर्णवेळ. त्याचा गोपनीय अहवाल जिल्ह्याबाहेरच्या, म्हणजे विभागीय पातळीवरच्या अधिकाऱ्यानं लिहावा. जेवणाच्या सुट्टीतल्या त्या बाईंच्या प्रश्नाला एवढंच उत्तर आहे. आणि तो माणूस फिरता हवा. ओरोसला किंवा अलिबागला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, खोली थाटून बसला तर दोडामार्गची आशाताई किंवा पोलादपूरचा कोतवाल त्याच्यापर्यंत येणार नाही. मंडणगडहून रत्नागिरीला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या पलीकडं, अख्खा दिवस आणि एक रजा. महिन्यातून ठरलेल्या वारी प्रत्येक तालुक्यात, शक्यतो बाजाराच्या दिवशी, तहसील कचेरीबाहेरच्या एखाद्या जागेत. तहसीलदाराच्या दालनात बसून तहसीलदाराविरुद्ध कोण बोलेल?

पैसे कुठून, असं विचारतील. एक अधिकारी, एक लिपिक, एक गाडी. हापूस महोत्सवाच्या मांडवाला लागतं त्याहून फार जास्त लागणार नाही, असं माझ्यातला जुना लेखा लिपिक सांगतो. दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. तो मी सेवेत असताना इतक्यांदा ऐकला की त्याला उत्तर द्यायचा उत्साह संपला. आवक-जावकला वीस वर्षं बसवलेल्या माणसाची गुणवत्ता कुणी तपासली होती, एवढंच विचारतो.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच एका जुन्या साहेबांनी परवा बोलून दाखवला. म्हणाले, “कक्ष आला की तक्रारी वाढणार. तक्रारी वाढल्या की वरून विचारणा येणार, तुमच्याच जिल्ह्यात एवढ्या का? कोणता जिल्हाधिकारी हे ओढवून घेईल?” बरोबर आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत आकडे वाढतील. ज्या जिल्ह्यात माणसं प्रथमच बोलायला लागली तिथं ते वाढायलाच हवेत, आणि शेजारचा जिल्हा निरंक लिहून शाबासकी घेईल. तेव्हा आढाव्याचा नमुनाच बदलावा लागेल. पन्नासच्या वर माणसं असलेल्या ज्या कार्यालयानं ओळीनं तीन वर्षं चारही कायद्यांखाली निरंक लिहिलं, तिथं विभागीय आयुक्तांच्या पथकानं जाऊन पाहावं : समितीचा फलक आहे का, त्यावरची माणसं अजून तिथंच नोकरीला आहेत का, नोंदवहीची पहिली पानं फाडलेली आहेत का, आणि त्या कार्यालयातल्या सगळ्यांत कनिष्ठ कर्मचाऱ्याला तक्रार अधिकाऱ्याचं नाव सांगता येतं का. आमच्या कचेरीत ते पथक आलं असतं तर त्या अधिकाऱ्याला स्वतःलाच ते सांगता आलं नसतं.